बाबांच्या आठवणीतली ड्युटी

आई, तुला नमस्कार आणि धाकट्याच्या पाठीत एक धपाटा.

मी मजेत आहे. बाबा गेल्यावरचा हा पहिला नाताळ. ते दवाखान्यात दरवर्षी या दिवशी दुसऱ्याची ड्युटी स्वतःवर घ्यायचे, म्हणून त्यांच्या आठवणीत मीही घेतली. सोबतची नर्स लेकरांकडे गेली, मी दोन्ही वॉर्ड सांभाळले. पाय सुजलेत, पण उतरतील. तुझे गुडघे कसे आहेत?

खोलीवर आले तर बोलायला फक्त भिंती. तेव्हा बाबांचं ताट झाकून उपाशी बसलेली तू आठवलीस. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. तुला कोणी काहीच म्हणालं नाही, मीसुद्धा.

पुढच्या नाताळात त्यांच्या आठवणीत घरीच येईन. ताट मी वाढेन, आणि तू आधी जेवायचंस.

तुझीच,
दमलेली थोरली