टाकीमागचा पाइप

बाबा, गावच्या सहकारी सोसायटीचा तो जुना चेनचा ट्रॅक्टर, तुम्ही चालवायचात तो, मी चालू केला. तुम्ही गेल्यापासून दहा वर्षं तो गोदामामागे निंबाखाली उभा होता. चेनच्या पट्ट्यांतून गवत वर आलं होतं आणि सीटच्या स्पंजात खारीनं घर केलं होतं. आता आमच्या शेतकरी गटानं तो मागून घेतला. पहिलं काम बंजाऱ्यांच्या तांड्याच्या उतारावरच्या शेतांना बांध घालायचं, हे ठरावात मीच लिहिलं, आणि दुरुस्ती कोण करणार असं विचारल्यावर हातही मीच वर केला. बैठकीत कुणी हसलं नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून नव्हे, तुमची मुलगी म्हणून हसले नाहीत, असंच मला वाटलं.

सुरुवात तुम्ही शिकवली तशीच केली. सगळे पाइप आणि जोड पुसून कोरडे केले, शाळेतून आणलेला खडू कुटून त्यांवर भुरभुरला, इंजिन चालू केलं आणि वाट पाहिली. खडू ओला होतो तिथे डिझेल गळतं. तीन ठिकाणी ओला झाला: फिल्टरच्या वाटीखाली, पंपाच्या एका जोडावर आणि परतीच्या पाइपाच्या नटाशी. तांब्याचे वायसर बदलताना तुमचा आवाज कानात होता. पाचवीत असताना मी अंगातलं सगळं बळ लावून एक नट आवळला आणि वायसर चिरडला. तुम्ही विचारलं तर म्हटलं, आधीपासूनच तसा होता. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातला पान्हा काढून घेतलात आणि म्हणालात, "मशीनपाशी खोटं बोलू नको, पोरी. माणूस इसरते, मशीन नाही इसरत." त्या दिवशी पान्हा मला परत मिळाला नाही. त्या एका वाक्यावर मी फार काही उभं केलं, बाबा. कॉलेजात प्रयोगाचे आकडे सगळ्यांनी एकमेकांचे उतरवले, मी माझे चुकलेले तसेच लिहिले आणि नापास व्हायची वेळ आणली. तेव्हाही तुम्हीच डोळ्यांसमोर होता.

तिन्ही गळत्या बंद झाल्या, तरी पंधरा मिनिटांनी इंजिन अडखळायचं आणि बंद पडायचं. मला सहावीतला वैशाख आठवला. सोसायटीच्या यादीत तांड्याचा नंबर लागला होता आणि तुम्ही मला सोबत नेलं होतं. ट्रॅक्टर उतारावरच्या पहिल्या शेतात शिरतो. तुम्ही उतरता, टाकीमागे हात घालून काहीतरी चाचपता, परत बसता. थोड्या वेळानं इंजिन बंद पडतं. "एअर घेऊन राह्यला," तुम्ही म्हणता. "तू पाह्य बरं माय, कुठं गळते तं. तुले बरोबर दिसते." मी खडू घेऊन बसते. तांड्यातली म्हातारी, जिला सारे याडी म्हणजे आई म्हणतात, मला भाकर आणि मिरचीचा ठेचा आणून देते आणि माझ्या डोक्यावर आपल्या ओढणीची सावली धरते.

"मिस्त्री, पोरीचा जीव गेला ना उनात. सापडत नाही काय?"

"सापडंन, याडी."

"कवा? पाणी आल्यावर?"

सगळे हसतात. तुम्हीही हसता. दिवसभर खडू कुठेच ओला होत नाही. निघताना मी याडीचा हात धरून सांगते, "माझे बाबा उद्या करूनच देतील." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दुरुस्तीला गावात आला आणि दोन दिवसांनी सोसायटीच्या चेअरमनच्या नाल्याकाठच्या शेतात चालताना दिसला. "आत्ताच सापडलं," तुम्ही म्हणालात. तांड्याकडे तो परत जायच्या आत पाऊस आला आणि बांध नसलेल्या उतारावरची माती नाल्यात गेली. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

परवा मी टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप सोडला आणि वर टांगलेल्या डब्यातून डिझेल दिलं. इंजिन तासभर चाललं. म्हणजे दोष त्या पाइपातच. टाकी खाली, पंप वर. तिथे पंप डिझेल ओढतो. त्या पाइपाला चीर गेली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खडू तिथे कधीच ओला होत नाही. हे मी कॉलेजात शिकले. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

पाइप काढला. टाकीमागे, फक्त हात पोचेल अशा जागी, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता आणि तो सरकवायला तारेचा कान. तुकडा सरकवला तर खाली भोक. गंजानं पडलेलं भोक इतकं गोल नसतं. ते ड्रिलनं पाडलेलं होतं. ट्यूब भोकावर असली की ट्रॅक्टर चालणार, बोटभर सरकवली की बंद पडणार. आता ट्यूब सुकून चिरली होती, म्हणून माझ्या हातात तो आपोआप बंद पडत होता. तारेचा पीळ उलटा होता. तुम्ही डावखुरे, आपल्या कुंपणाच्या तारेला आजही तसाच पीळ आहे.

चेअरमनचं ऐकावं लागलं असेल. त्याच जूनमध्ये त्याच्या शब्दावर मला यवतमाळच्या वसतिगृहात जागा मिळाली, आणि तुम्ही नवी ट्रंक आणून तिच्यावर पांढऱ्या रंगानं माझं नाव लिहिलंत. माझ्यासाठीच केलं असेल, असं आई म्हणेल. म्हणून तिला सांगितलं नाही. पण मला खडू देऊन उन्हात कशाला बसवलंत? मी शोधते आहे हे तांड्याला दिसावं म्हणून? त्यांनी तुमच्यावर नाही, माझ्या घामावर विश्वास ठेवला. तुम्हाला खडू कोरडाच राहणार हे माहीत होतं, आणि तुम्ही वर म्हणत होता, "तुले बरोबर दिसते."

आज नवा पाइप टाकून ट्रॅक्टर तांड्यावर नेला. याडी काठी टेकत शेताच्या कडेपर्यंत आली. जुना पाइप माझ्या पिशवीत होता. तो तिच्या हातात द्यायचा, असं ठरवूनच मी घरून निघाले होते.

"बापाले नाही सापडलं ते तुले सापडलं म्हणते. काय होतं वं?"

"गंजला होता पाइप, याडी."

"तुहा बाप असता त खुश झाला असता," ती म्हणाली. "लय शोधत होता बिचारा."

हे पत्र त्याच पाइपाला गुंडाळून ट्रंकेत ठेवते आहे. इंजिन चालू होतं, बाबा, आणि माझा हात त्याच्यावरच होता, तेव्हा मी ते गंजाचं बोलले.