वाळूच्या बेटाची फाईल

आबा,

आज एका मुलीने कागदावरची सही दाखवून मला विचारलं, "ही कोणाची?" मी म्हणाले, "ओळखता येत नाही." म्हणून हे लिहायला बसले. ती सही माझी होती.

मुलगी वनखात्यातली आहे, नवीनच लागलेली. तापीतल्या पक्ष्यांसाठी आणि पाणमांजरांसाठी पुन्हा एक योजना निघाली आहे. तीच रीत, अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा, आणि गावाने आपल्या परीने काहीतरी द्यायचं. आपल्या गावचं नाव आधी यादीत होतं, मग कोणीतरी जुनं दप्तर काढलं. त्यात एक ओळ सापडली: 'ग्रामस्थांच्या निरुत्साहामुळे योजना बारगळली.' त्या ओळीवरून गावाचं नाव खोडायचं चाललं आहे. मुलीला ते पटलं नाही. ती गावात गेली. तिथल्या म्हाताऱ्यांनी तुमचं नाव सांगितलं आणि माझा जळगावचा पत्ता दिला. ती दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तुमच्या वडिलांची काही कागदपत्रं असतील तर बघू द्या. निरुत्साह होता की नाही, तेवढंच मला कळायला हवंय." मी तिला पाणी दिलं आणि तुमची पत्र्याची पेटी काढली. तुम्ही गेल्यापासून ती मी उघडली नव्हती. वेळ मिळाला नाही असं मी लोकांना सांगत आले. वेळ भरपूर होता.

पहिली योजना आली त्या वर्षीची दिवाळी मला नीट आठवते. पाणी ओसरलं की नदीच्या मधोमध वाळूचं बेट वर यायचं आणि चार घरं तिथे टरबुजाच्या वाड्या लावायची. उन्हाळ्यात त्याच वाळूत ते काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी अंडी घालायचे. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडला तरी कळायचं नाही. कुत्री खायची, गुरं तुडवायची, वेलांना पाणी घालताना घागरीखाली फुटायची. तुम्ही लहानपणी मला बोट धरून तिथे नेलंत आणि म्हणालात, "आठे पाय देखीसन टाक, अक्का." पुढे सगळ्या गावाला तुम्ही हेच सांगायला लागलात. योजनेचा कागद आला तेव्हा पारावर बैठक बसली. मी तेव्हा जळगावला वनखात्याच्या कार्यालयात होते, सुट्टीवर गावी आले होते, भिंतीला टेकून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "अर्धं दिल्ली देई, अर्धं मुंबई देई. आपुन फक्त जागा सोडानी शे." वाडी लावणाऱ्यांतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "आबा, पाखरे मत देतस का?" सगळा पार हसला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "नई देतस. म्हनीसनच त्यासनाकरता कोनी बोलत नई." मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "मनी पोर त्याच हाफिसमा शे. कागद आडी ऱ्हावाव नई."

कागद अडून राहणार नाही, या तुमच्या एका वाक्यावर चार घरांनी त्या साली टरबूज लावलं नाही. सोडलेल्या हंगामाची भरपाई योजनेतून मिळणार होती. गावाने बेटाच्या एका अंगाला काट्यांचं कुंपण घातलं, राखणीला झोपडी उभी केली. रोज कोण आलं, कोणी किती काटे ओढले, हे तुम्ही एका हजेरीवहीत लिहीत होता. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण एक दिवस चुकलेला नाही. त्यांना निरुत्साही म्हणणारी ओळ आमच्या कार्यालयातून गेली.

प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. नियम साधा होता. मार्चअखेर राज्याचा वाटा मंजूर झाला तरच दिल्लीचा वाटा निघेल, आणि राज्याकडे शिफारस आमच्या कार्यालयाने करायची. मी त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं की अर्जदार माझे वडील आहेत, फाईल दुसऱ्याकडे द्या. मी सांगितलं नाही. कार्यालयात मी कडक म्हणून ओळखली जात होते. माझ्या टेबलावरून कागद पहिल्या फेरीत सुटत नाही, याचा मला अभिमान होता. उद्या कोणी म्हणू नये की बाईने बापाचं काम केलं, म्हणून मी तुमच्या फाईलला इतर कुठल्याही फाईलपेक्षा कडक लागले. पहिली त्रुटी काढली: संमतिपत्रावरचे अंगठे साक्षांकित नाहीत. फाईल परत. तुम्ही अंगठे साक्षांकित करून पाठवलेत. दुसरी त्रुटी: श्रमदानाच्या कामाचं अंदाजपत्रक जोडलेलं नाही. फाईल परत. सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात असा दंडक होता. तरी एकेक काढायची आमची सवय होती, कारण फाईल फिरत राहिली की टेबलावर काम दिसतं. फेब्रुवारी संपताना मी तिसरी काढली: बेटाचा सर्व्हे नंबर नमूद नाही.

आबा, नदीतल्या बेटाला सर्व्हे नंबर नसतो. ते दर पावसाळ्यात हलतं. कधी आपल्या काठाकडे सरकतं, कधी पलीकडच्या. हे कार्यालयातल्या दुसऱ्या कोणाला माहीत नसलं तर समजू शकते. मी त्या वाळूवर चालायला शिकले होते.

तुम्ही स्वतः आलात. दुपारची वेळ, मी खिडकीतून बघते आहे, तुम्ही एस.टी. स्टँडपासून चालत आला आहात, हातात कापडी पिशवी आहे. दरवर्षी त्या पिशवीत माझ्यासाठी टरबूज असायचं. त्या दिवशी कागद होते. मी शिपायाला सांगितलं, बाहेर बाकावर बसव. तासभर तुम्ही बसलात. आत आलात तेव्हा शेजारच्या टेबलांवर माणसं होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्या टेबलांकडे, आणि म्हणालात, "बाई, मना कागद तेवढा देखी ल्या." मला बाई म्हणालात. माझी अडचण तुम्हाला माझ्याआधी कळली होती. तुम्ही बेटाचा पेन्सिलीने काढलेला नकाशा पुढे केलात, त्यावर तलाठ्याचा शेरा होता की नदीपात्राला नंबर नसतो. मी तो वाचला. पटला. आणि म्हणाले, "हे आवक विभागात द्या. थेट टेबलाला यायचं नाही." तुम्ही मान हलवलीत, नकाशाची पुन्हा घडी घातलीत, आवकचं टेबल कुठे आहे ते शिपायाला विचारलंत. त्या दिवशी आवकचा लिपिक रजेवर होता. "उद्या या," म्हणून शिपायाने तुम्हाला सांगितलं. मला ते ऐकू आलं. मी उठले नाही.

तुम्ही गेल्यावर शिपाई साहेबांना सांगून आला की ते बाईंचे वडील होते. तुमच्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं म्हणे. साहेब बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शिका. आमच्या बाई सख्ख्या बापाची फाईल सोडत नाहीत." सगळे माझ्याकडे बघत होते. मला आनंद झाला. आबा, आजवर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, मला खरोखर आनंद झाला होता. घरी जाताना मी रस्त्याने ताठ चालले.

नकाशाची नक्कल पोस्टाने आली तेव्हा एप्रिल लागला होता. राज्याचा वाटा त्या वर्षापुरता बुडाला, म्हणून दिल्लीचाही निघाला नाही. धुळ्याच्या वरच्या कार्यालयाने कारण विचारलं. उत्तराचा मसुदा मी केला. 'ग्रामस्थांच्या निरुत्साहामुळे' हे शब्द माझे आहेत. असल्या उत्तरात ते नेहमीच लिहिले जात. हाताने आपोआप लिहिले.

भरपाई आली नाही. चार घरांचा हंगाम गेला. तुम्ही आपल्या घरची ज्वारी त्यांना वाटलीत, तरी ती म्हातारी दारात येऊन म्हणालीच, "आबा, यंदा पाखरे आमले खावाले घालतीन का?" तेव्हा कोणी हसलं नाही. पुढच्या दिवाळीत बेटावर पुन्हा वेल चढले, कुंपणाचे काटे चुलीत गेले. पारावर बैठक बसली की तुम्हाला बोलावणं येईनासं झालं. अडलेल्याला दोन शब्द सांगणारा माणूस तुम्ही, पण तुमचा शब्द कोणी घेईना. मी सणाला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून कापसाची बोंडं सोलत होता. मी विचारलं, "त्या योजनेचं काय झालं?" मी विचारलं! तुम्ही मान वर न करता म्हणालात, "देनारा दोन व्हतात. पहिले कोन देई, यानीच दोन्ही वाट देखत बसनात." मला हायसं वाटलं. त्या त्रुटी मीच काढल्या हे तुम्हाला कळलं नाही असं मी धरून चालले, आणि तुम्ही गेलात तेव्हाही, तुम्हाला खांदा देणाऱ्यांत त्या चार घरांतलं कोणी नव्हतं हे पाहूनही, तसंच धरून चालले.

आज पेटीतून हजेरीवही आणि तो मूळ नकाशा निघाला. मुलीने वही उघडली, तिचे डोळे चमकले. "हा निरुत्साह आहे?" ती म्हणाली. मधल्या पानांत तिसरं त्रुटीपत्र टाचणीने लावलेलं होतं. तिने ते वाचलं आणि हसली. "नदीतल्या बेटाला सर्व्हे नंबर! कोण हा शहाणा? मावशी, ही सही कोणाची?" तेव्हा मी म्हणाले ते, ओळखता येत नाही. तिने टाचणी काढली. मागे एक पोस्टकार्ड होतं. "हे तुमच्या घरचं दिसतंय," म्हणून न वाचता तिने ते माझ्या हातात दिलं, आणि वही उद्या नेते म्हणाली.

ते पोस्टकार्ड मीच धुळ्याच्या कॉलेजातून तुम्हाला लिहिलेलं. आमटीत मीठ कमी असतं, टरबुजं आली की एक कोणाबरोबर तरी पाठवा, वगैरे. आणि खाली: 'आबा, मी आता इंग्रजी वळणाची सही बसवली आहे, बघा कशी जमली.' तीनदा करून दाखवली आहे, शेपटी ओढून. तीच शेपटी त्रुटीपत्रावर आहे. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलीत आणि एका टाचणीत लावलीत. म्हणजे ओट्यावर मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझी सुटका व्हावी म्हणून तुम्ही दोन सरकारांवर ढकललंत.

मुलगी सकाळी नऊला येणार आहे. तिच्यासाठी यादी केली आहे, ती अशी:

सुपूर्द केलेल्या वस्तू. एक, हजेरीवही, सर्व पानांसह. दोन, बेटाचा पेन्सिलीने काढलेला नकाशा, तलाठ्याच्या शेऱ्यासह. तीन, तिसरं त्रुटीपत्र. चार, पोस्टकार्ड एक, सही पडताळण्यासाठी. शेरा: तीन आणि चारवरची सही एकाच व्यक्तीची. 'निरुत्साह' हा शब्दही तिचाच, तो खोटा आहे. देणार, अर्जदाराची मुलगी.

हे पत्र यादीत धरलेलं नाही. ते देण्याइतकं धैर्य मला अजून आलेलं नाही.