जड कृष्णविवर जागचं हलत नाही

२ जुलै, सकाळी
लेनीला अपिंग्टनला बहिणीकडे जाऊन तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली, त्या वहीशीच लग्न करायचं होतंस. करू दे थट्टा. आजपासून रोज दोन पानं. सिद्धांत असा: दोन कृष्णविवरांतलं जड असतं ते जागचं हलत नाही. हलकं असतं ते आज ना उद्या त्याच्याकडे येतंच. आमच्या घरात जड कोण, हे लिहायची गरज नाही.

५ जुलै
शून्य पानं. आफ्रिकेच्या या दक्षिण टोकाला जुलै म्हणजे भर हिवाळा, थंडीनं बोटं आखडली. मटण करपलं, ओरडायला कुणी नाही.

९ जुलै
शेजारच्या डाविडकडे लेनीचा निरोप: शनिवारी ये, समोरासमोर बसून बोलू, नाहीतर राहू दे. म्हणजे काकुळतीला आलीय. ओढ सुरू झाली!

१० जुलै
सिद्धांताची वही दाखवायला रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर गेलो. फाटकावरच अडवलं. पेट्रोल गाडीच्या प्लगची ठिणगी दुर्बिणीला खरखर ऐकू येते, आत फक्त डिझेल. उभा जन्म कार्नार्वनमध्ये गेला आणि हेच विसरलो. शनिवारी अकराची वेळ मिळाली. परतताना गाडी बंद पडली.
डाविडनं आपला डिझेल पिकअप दिला. म्हणाला, मास्तर, टाकी फुल आहे, सरळ अपिंग्टन गाठा, भलतीकडे वळलात तर माझ्याशी गाठ आहे. म्हटलं, बरं.

११ जुलै, शनिवार
दुर्बिणीवर गेलो. लेनी काय, उद्याही आहेच.
डॉ. झोलेका म्हणून पोरगी आहे तिथे. वही अर्धा तास वाचली. म्हणाली, सर, दोन्ही हलतात. जड थोडंसंच हलतं, पण हलतं. अननुभवी आहे. चहा देताना तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा फार गरम होता.

१२ जुलै
अपिंग्टनला फोन केला. लेनीची बहीण म्हणाली, काल दुपारपर्यंत ती दारात खुर्ची टाकून बसली होती, मग खुर्ची आत नेली. फोनवर यायला नाही म्हणतेय. रुसवा आहे, जाईल. तिची फार फार आठवण येते. हे सिद्धांतात कुठे बसवायचं कळत नाही.

१९ जुलै
डाविड लेनीचं शिवणाचं मशीन न्यायला आला. दोघांनी उचलून गाडीत चढवलं, दोरीनं बांधलं. मी अंघोळ करून, टाय लावून तयार होतो. पुढची सीट रिकामीच होती. म्हटलं, मीही येतो. डाविड दोरीची गाठ परत परत ओढत राहिला. म्हणाला, मास्तर, ती म्हणालीय, फक्त मशीन आण.