इकडचा बुधवार

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी दादरहून झेंडू आणला. कंपनीच्या कॉम्प्युटर मशीनच्या कपाटांना हार घातले, हळदकुंकू लावलं. गावी आज हत्याराला हात लावत नाहीत, आराम देतात. ह्या मशीनला कोण देणार? वर्षभर घरघर! मी एकच वायर काढली — चेन्नईहून येणारी पिवळी. कुंकू लावून परत खोचणार होतो. राहिलीच. मशीन बघणाऱ्या सुमेधा मॅडम सुट्टीवर, तिकडे चेन्नईलाही पूजा. कोणाला कळलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आईचा गावाहून फोन. "झिला, अभय खंयच गावना रे!"

काल दसऱ्याच्या सकाळी बोटीवर हजेरी घेतली, तर माझा धाकटा भाऊ नव्हता. समुद्रात शोधतायत. बोट आमच्याच कंपनीची. त्यानंच मला परळच्या ह्या तळघरात चिकटवलं — आठवी नापासाला दुसरं कोण ठेवणार!

 लालबागच्या खोलीवर गाववाल्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मॅडम आल्या. "वायर कोणी काढली?" सांगितलं खरं ते.

"आराम? अरे येड्या, हे मशीन म्हणजे चेन्नईच्या मशीनचा आरसा! तिकडे लिहिलं की इकडे लिहिलं जातं, तिकडे खोडलं की इकडे खोडलं जातं. तिकडचं बंद पडलं तर कंपनी इकडून चालायची. तू चार दिवस आरसा झाकून ठेवलास!"

म्हणजे इकडे अजून बुधवारच. सकाळचे अकरा दहा.

म्हटलं, अभयचं नाव बघा ना. त्यांनी दोन्हीकडचं उघडलं. चेन्नईचं — बेपत्ता. आमचं — बोटीवर हजर.

 मी वायर काढली तेव्हा तो होता. काढली म्हणून तर नाही ना गेला?

५ ऑक्टोबर, रविवार

शोध थांबवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

"परवानगी आली. आता वायर लावते, तिकडचं सगळं इकडे येऊ दे," मॅडम म्हणाल्या. मी कपाटासमोर उभा.

"आज नको, मॅडम."

"अरे, ती नोंद आहे. तुझा भाऊ नाही."

"माहीताय. तरी नको."

त्यांनी वायर खाली ठेवली. "उद्या सकाळी. उद्या ऐकणार नाही हां."

७ ऑक्टोबर, मंगळवार

चेन्नईला पाणी शिरलं. तिकडचं मशीन गेलं! अख्खी कंपनी आता आमच्यावर. जगात एकच वही उरली आणि तिच्यात बुधवार.

मॅडम म्हणाल्या, "बुधवारनंतरचं सगळं लोक हातानं परत भरतायत. अभयचं तेवढं मी भरायचं ठेवलंय. तू सांग, मग भरते. पण गुरुवारी बोट मुंबईला लागतेय. त्याच्या आधी सांग."

हार काढायला गेलो. सहा दिवस झाले, झेंडू अजून ताजा. पाकळ्यांवर पाणी. मी शिंपडलेलं नाही.

हार तसेच ठेवले.

८ ऑक्टोबर, बुधवार

आई म्हणते, "तो आसा रे खंयतरी. माका कळता."

मॅडमना सांगायला दोनदा वर गेलो. दोनदा खाली आलो. नाही सांगितलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीच्या पासवर गोदीत शिरलो. बोटीवरून बावीस माणसं उतरली. मोजली मी. अभय नव्हता.

मग कारकून राजेश शिडीवरून खाली आला. हातात आमच्या मशीननं छापलेली यादी, तेवीस नावांची. "झालं रे, सगळ्यांच्या सह्या घेतल्या."

यादी हातात घेतली. तेवीस सह्या. अभयच्या सहीवर अंगठा फिरवला — शाई अंगठ्याला लागली.