समुद्राच्या वाटणीची जिन

सॉल्टपाँड, ३ नोव्हेंबर १९१२

करायला नको होतं, पण केलं. कामाच्या पहिल्याच सकाळी समुद्राची जिन मी प्यायलो.

बाकी सगळं झकास चाललंय. परवा मांकेसिमहून आलो, क्वामिना तांडेलांनी दंड दाबून बघितले आणि होडीत घेतलं. आगबोट लांब उभी राहते, कोकोची पोती आम्ही फुटत्या लाटांतून तिच्यापर्यंत वल्हवत नेतो. दोघादोघांची पाच बाकं. मी शेवटच्यावर, शेजारी एबो. हा भला पोरगा, दारूला शिवत नाही.

पहिल्या खेपेआधी तांडेल होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, जिन ओततात. ती समुद्राची. बाटली पोत्यांमागं होती, मी संपवली आणि समुद्राचंच पाणी भरून ठेवलं. तांडेलांचं नाक तपकिरीनं कधीच मेलंय. डोळे मिटून, पूर्वजांची नावं घेत त्यांनी ते ओतलं. हसू दाबता दाबता माझं पोट दुखलं.

६ नोव्हेंबर

वैताग आहे नुसता. होडी जड झालीय, रिकामीसुद्धा ओढवत नाही. तांडेल मलाच बोलतात, वल्हं मारतोस की हंडीत फुफू ढवळतोस म्हणून. त्यात पहिल्या बाकावरचा बाडू म्हणाला, कुणीतरी ओलंगार तोंडाजवळ आलं आणि वास घेऊन गेलं. खोड्या काढणारा मीच, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. अरे, मी शेवटच्या बाकावर, माझी मान काय तेवढी लांब आहे? पण माझं ऐकतो कोण.

८ नोव्हेंबर

आज ते दुसऱ्या बाकावर आलं. दोघांच्याही तोंडाचा वास घेतला. भर उन्हात.

तांडेलांनी किनाऱ्यावर सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "समुद्राचं कुणी प्यायलं असेल तर आत्ता बोला. मारणार नाही. होडीतून उतरवीन, बस."

बस म्हणे! इथून उतरवलेल्याला अख्ख्या किनाऱ्यावर कुणी होडीत घेत नाही. परत मांकेसिमला जाऊन मामाचा कसावा कुटत बसू? मी वाळूत रेघोट्या मारल्या.

१० नोव्हेंबर

तिसरं बाक झालं. दिवसभर आलं चघळतोय. तोंड सोलून निघालंय, केंकेचा घासही गिळवत नाही. एवढं करून तळहातावर फुंकर मारली की जिनचाच वास. कुठवर चघळू? एका बाटलीपायी!

११ नोव्हेंबर

चौथं बाक. उद्या आमचं.

आमच्या बाकावर दोघं आहेत. दोघं.

एबो पाणी माझ्याच भोपळ्यातलं पितो. बाजारातली जिन थोडीशीच ओतलीय त्यात. घोटभर.

१२ नोव्हेंबर

एबोनं तोंड वाकडं केलं, मग हसला. "जोजो, पाण्यातसुद्धा खोडी?"

मग मागून गार — मानेवर पाणी ठिबकलं. मी श्वास धरला. गालाशी काहीतरी आलं, थांबलं — छाती फुटायला आली — मग ते एबोकडं वळलं.

लाट नव्हती. एबो पडला नाही. बसला होता, आणि मग नव्हता. वल्हं तेवढं तरंगत —

१३ नोव्हेंबर

होडी हलकी झालीय. तांडेल म्हणतात, समुद्रानं आपला चोर नेला. एबोची आई सगळ्यांना एकच सांगत फिरतेय, माझा पोरगा पीत नाही. माझ्याशीही बोलली. मी मान हलवली, तोंड उघडलं नाही. वास अजून आहे.

१४ नोव्हेंबर

आज परत होडी जड.

वाचणाऱ्या, तुझ्या पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. समुद्राला वाटतंय, एबोच प्यायला. किनाऱ्यावर हे मोठ्यानं वाचूसुद्धा नकोस. एबो तेवढा — त्याला कळलंय कुणी पाजली, आणि तो आता तिकडंच, त्याच्याजवळ — त्यानं जर सांगि