कॅनॉलवरचे दोन ठिपके

११ नोव्हेंबर

आज मला बिबट्या केलं! उसात गुडघ्यांवर रांगायला लावलं, तेही चारदा. पाचटानं हातपाय सोलून निघाले. आणि मल्हार सर, पुण्याचे इंजिनीअर, टॉवरच्या सावलीत खुर्ची टाकून फोनवर— 'सत्यजीत, कंबर खाली घे. बिबट्या असा चालतो का?' मग या की, तुम्हीच चालून दाखवा!

खुटबावच्या या नव्या टॉवरच्या ज्या लहरींवर लोकांचे फोन चालतात, त्याच म्हणे उसावर आपटून परत येतात आणि कोण हललं ते सांगतात. कॅमेरा नाही, स्क्रीनवर नुसता ठिपका. बिबट्याचा ठिपका दिसला की गावात भोंगा. पण ठिपका माणसाचा, कुत्र्याचा की बिबट्याचा हे यंत्राला कुणीतरी शिकवायला लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी. इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडलं ते यासाठी— रांगायला.

म्हस्कूमामा बांधावरून ओरडला, 'आरं सत्या, शेपूट इसरलास!' थू.

उपकेंद्रातल्या नर्सला, दबोराला सांगितलं तर हसून हसून खाली बसली. तिच्या हसण्याचा राग येत नाही. तिथंच तर घोळ आहे.

१४ नोव्हेंबर

उपकेंद्रात लसीकरण. नर्सबाईंना वेळ नाही. दिवस फुकट.

१८ नोव्हेंबर

लाज! निव्वळ लाज!

संध्याकाळी कॅनॉलच्या भरावावर, पंपाच्या खोलीमागं, आमच्या नेहमीच्या जागी बसलो होतो. दबोरा ड्यूटी संपवून त्याच वाटेनं खोलीवर जाते. जरा जवळ सरकलो, बस, एवढंच— आणि भोंगा! काठ्या, बॅटऱ्या घेऊन अख्खं गाव धावलं. आम्ही उसातून पळालो. तिची एक चप्पल तिथंच राहिली.

नंतर टॉवरच्या खोलीत जाऊन स्क्रीन पाहिली. आमचे दोन ठिपके मिळून एकच ठिपका झालेला. लांबट, बुटका. खाली शब्द— बिबट्या.

म्हस्कूमामा ती चप्पल काठीला अडकवून गावभर फिरला. 'बिबट्या लेडीज चप्पल घालतोय बरं का!' सगळे हसले. मीही हसलो.

१९ नोव्हेंबर

बंदोबस्त केला. पंपाच्या खोलीमागं जे काही हललं होतं त्या सगळ्याला यंत्रात नाव दिलं— कुत्रं. 'तिथं एवढी कुत्री असतात?' मल्हार सरांनी विचारलं. 'असतात सर.' चहा पीत पीत ओके केलं त्यांनी. शिकलेली माणसं!

दबोराला एवढंच सांगितलं, 'आता आपल्यावर भोंगा वाजणार नाही.'

'आन् खरंच बिबट्या आला तर?'

'वाजेल की गं! मी बसलोय ना स्क्रीनसमोर.'

२६ नोव्हेंबर

दबोराला शिरूरहून तिच्या पप्पांचा फोन. स्थळ आलंय. नोएल— तिकडच्याच मिशन कंपाउंडमधला, कुरकुंभला केमिकल कंपनीत पर्मनंट. चर्चमध्ये गिटार वाजवतो म्हणे. वाजव बाबा!

'पप्पांना फोनवर तोडून कसं सांगू? त्याला एकदा भेटते, मग त्यालाच नाही म्हणते,' ती म्हणाली. भेटते!

म्हटलं, 'भेट की. पर्मनंट माणूस आहे तो. आम्ही काय, रांगणारे.'

'डोकं थंड झालं की फोन कर,' म्हणाली आणि गेली. मागं वळूनही पाहिलं नाही.

नाही करणार. सगळ्यांचीच किळस येतेय. तिच्या पप्पांची, गिटारची, माझ्या या तोंडाची.

२९ नोव्हेंबर

आता सगळं स्वच्छ दिसलं!

दिवेलागणीला स्क्रीनसमोर होतो. आमच्या जागी एक ठिपका येऊन थांबला. तेवढ्यात फोन— दबोरा. कट केला. काय थट्टा आहे, त्याच टॉवरवरून तिचा फोन आणि त्याच टॉवरवर तिचा ठिपका! परत वाजला. उचलणारच होतो. एवढ्यात उसातून दुसरा ठिपका निघाला. हळूहळू, थांबत थांबत, चोरासारखा. नोएल! आमच्या जागी! आणि वर मला फोन!

फोन वाजू दिला.

दुसरा ठिपका एकदम पुढं झाला. दोन्हींचा एक. यंत्रानं लिहिलं— कुत्रं. म्हटलं, शाब्बास, बरोबर ओळखलंस! स्क्रीन बंद केली आणि घरी आलो. जेवलो नाही. अन्नाचा वाससुद्धा नको झालाय.

३० नोव्हेंबर

नोएल काल दिवसभर कुरकुंभला शिफ्टवर होता. तिनं त्याला परवाच नाही म्हणून सांगितलेलं. मला तेच सांगायला एकटी आली होती. दुसरा ठिपका बिबट्याचा होता.

म्हस्कूमामा उसाला पाणी द्यायला आला होता, त्यानं आरडाओरडा केला म्हणून वाचली. दौंडला ॲडमिट आहे. मानेला, खांद्याला टाके.

दुपारी डोळे उघडले. माझा हात धरला. 'भोंगा न्हाई वाजला... तू खोलीत नव्हतास का रं?'

'नव्हतो,' म्हणालो.