खांदा होता की पाठ?

८ जानेवारी १९८८, शुक्रवार
शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. पुढच्या शुक्रवारी फुटबॉलची फायनल. रेफरी मीच. रूलबुक पुन्हा वाचलं. खांद्याला खांदा, हात अंगाशी, बॉल जवळ: चार्ज, म्हणजे धक्का, लीगल. मागून ढकललं: फाऊल. खांदा की पाठ हा वाद यंदा भिवंडीतून कायमचा मिटवणार. ओळखपाळख काही बघणार नाही.

११ जानेवारी
प्रॅक्टिस. स्वयंपाकघरात मोठ्या बहिणीला, आक्काला, बाजूने लीगल चार्ज दिला. तिच्या हातात ताकाचं पातेलं होतं, ते दिसलं नाही. तिने उलट मारला तो कोपराने, म्हणजे सरळ फाऊल. तसं तिला समजावलं. रात्री जेवायला वाढलं नाही.

१५ जानेवारी, सकाळ
फायनल पूर्णा गाव विरुद्ध आमच्या इक्बालशेठची टीम. मी शेठच्या कारखान्यात हजेरी लिहितो, म्हणून लोक कुजबुजतायत. कुजबुजू देत. शेठ फक्त एवढंच म्हणाले, तुळशीराम, आज जरा सांभाळून हां. माझ्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल असणार.

१५ जानेवारी, संध्याकाळ
शेठची टीम १-० ने जिंकली. शेवटी पूर्णाचा बाळाराम बॉल घेऊन एकटाच गोलकडे निघाला होता. आमच्या मुख्तारने त्याला पाडलं. मी शिट्टी दिली नाही. खांदाच होता. म्हणजे खांद्याच्या आसपास. बाळाराम उठेना, तेव्हा वाटलं टाइम काढतोय. हरणारा कशाला टाइम काढेल, हे घरी आल्यावर सुचलं.

१६ जानेवारी
बाळारामचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एक तारखेला ठाण्याला त्याची पोलीस भरती होती. वयाच्या हिशोबाने हा शेवटचाच चान्स. मला आधी कुणी बोललं का नाही? बोललं असतं तरी निर्णय तोच दिला असता. भात गिळवला नाही. पित्त झालं असेल.

१८ जानेवारी
सापडलं! समोरचा मुद्दाम आड येत असेल तर मागूनही चार्ज चालतो, असा रूलच आहे. आणि बाळारामची पाठ केवढी रुंद! हुश्श झालं. चहा घेतला. मग आठवलं, तो पुढे पळत होता. पुढे पळणारा आड कसा येईल? पुस्तक मिटून ठेवलं.

२० जानेवारी
स्पर्धेच्या कमिटीला खरा रिपोर्ट द्यायचं ठरवलं. लिहिलाही. तेवढ्यात शेठ टेबलाशी आले, म्हणून हजेरीच्या वहीखाली सरकवला. मुख्तारला विचारलं, नेमकं कुठे लागलं रे? तो हसून म्हणाला, साब, आप तो बाजू में ही खडे थे. उद्धट मेला.

२४ जानेवारी, रविवार
उद्या पूर्णाला जाऊन बाळारामपुढे सगळं कबूल करणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२५ जानेवारी
रिक्षा मिळाली नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाच्या दिवशी असले विषय काढू नयेत.

३१ जानेवारी, रविवार
गेलो एकदाचा. बाळाराम हात छातीशी बांधून ओट्यावर बसला होता. त्याची आई राहीबाई म्हणाली, कोनपन आला न्हाय, तुमीच आलाव, लय बरं वाटलं. बाळाराम म्हणाला, सगले बोलतात फाऊल होता, तुमी जवल होता, तुमी बोलाल ते खरं. मी म्हणालो, खांदाच होता. त्याने बांधलेला हात सारखा केला. मग आईला म्हणाला, मंग चूक माजीच हाय, भरती तोंडावर असताना खेलायलाच नको व्हतं. राहीबाईने मला आणखी अर्धा कप चहा दिला. मी तो प्यालो. लाज कशी वाटली नाही मला.

१ फेब्रुवारी, सोमवार
आज भरती. सकाळपासून कामात लक्ष नाही.
फाऊल होता. मागून, भर पाठीवर. शिट्टी माझ्या ओठांत होती. शेठ खुर्चीतून उठलेले दिसले, आणि मी ती फुंकलीच नाही. खाली सही करतो: तुळशीराम, रेफरी.
ही वही आता कपाटात ठेवून कुलूप लावतो.